इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीसाठी सोल्डर कसे निवडावे: सुरुवात बोर्डापासून

सोल्डर निवडण्याविषयी जे सल्ले सर्रास दिले जातात, ते बहुतेक नव्या जोडणीला उद्देशून असतात. पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, ज्यावर सांधा बसतो) नवे, कॉम्पोनन्ट नवा, तार स्वच्छ असेल तर कोणतेही बऱ्यापैकी सोल्डर काम भागवते. दुरुस्तीत तसे नसते. प्रत्येक पॅडवर कारखान्यात लावलेले सोल्डर आधीच असते, अनेकदा त्यावर आधीच्या कारागिराने लावलेले दुसरे सोल्डरही असते, आणि आपण जे लावू ते या सगळ्यात मिसळते. शेवटी सांधा ज्या मिश्रधातूचा बनतो तो आपल्या रिळावर लिहिलेला नसतो. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याने, या बोर्डावर आधी काय आहे आणि त्यात काय मिसळले तर सांधा टिकेल, हे आधी ठरवायचे असते. सोल्डर त्यानंतर निवडायचे.

तापमान नियंत्रित करता येणारे सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डरिंग विक (वितळलेले सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी), फ्लक्स (धातूवरील ऑक्साइडचा थर काढणारा पदार्थ) आणि स्वच्छतेसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल हे साहित्य वाचकाकडे आहे असे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी: बोर्डावरचे सोल्डर ओळखा

मला सर्वांत जास्त काळ अवघड गेलेली पायरी हीच आहे, आणि बहुतेक मार्गदर्शकांत ती वगळलेली असते. त्यामुळे येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

पहिला पुरावा उपकरणाच्या वयाचा. युरोपीय संघाचा घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा आरओएचएस निर्देश १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्याने एकजिनसी पदार्थातील शिशाचे प्रमाण वजनाच्या ०.१ टक्क्यापर्यंत मर्यादित केले, आणि अनेक देशांत माल विकणारे कारखाने त्या सुमारास शिसेमुक्त सोल्डरकडे वळले. त्याआधीचा टीव्ही संच, रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ नक्कीच शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूने जोडलेला असतो. त्यानंतरचे घरगुती उपकरण बहुधा शिसेमुक्त असते. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की वैद्यकीय उपकरणे आणि मोजमापाची उपकरणे या निर्देशाच्या कक्षेत २०१४ पासून येऊ लागली. २०१० साली बनलेल्या ऑसिलोस्कोपमध्ये शिसे सापडले तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. वयावरून अंदाज बांधता येतो, निर्णय देता येत नाही.

दुसरा पुरावा बोर्डावरच्या खुणांचा. अनेक बोर्डांवर शिसेमुक्त असल्याची खूण छापलेली असते. काहींवर रोमन लिपीतील छोटे 'ई' आणि त्यापुढे १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. ई१ म्हणजे कथील, चांदी आणि तांबे यांचा मिश्रधातू. ई२ म्हणजे कथलाचे इतर काही शिसेमुक्त मिश्रधातू. आणि ई६ म्हणजे बिस्मथ असलेले सोल्डर. ई६ दिसले की काम थांबवून पुढचा बिस्मथाविषयीचा भाग आधी वाचावा. हीच खूण एखाद्या आयसीच्या अंगावर किंवा तिच्या वेष्टनावर असेल, तर ती फक्त त्या आयसीच्या पायांवरील मुलाम्याविषयी सांगते, बोर्डावर लावलेल्या सोल्डरविषयी नव्हे. या दोहोंची गल्लत करून चुकीचे सोल्डर निवडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

सांध्याच्या चमकेवरून सोल्डर ओळखावे, हा सल्ला मात्र सोडून द्यावा. शिसेयुक्त सांधा चकचकीत आणि शिसेमुक्त सांधा मंद, किंचित खडबडीत दिसतो, हे नव्या सांध्यांबाबत साधारणपणे खरे आहे. परंतु जुना शिसेयुक्त सांधा हवेत काळवंडतो, आणि कथील-तांब्यात थोडे निकेल घातलेली काही शिसेमुक्त सोल्डर चांगलीच चमकतात. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवून येथे निर्णय घेता येत नाही.

खात्रीचा मार्ग तापमानाचा आहे. बिस्मथ-कथील सोल्डर १३८ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे-कथील १८३ अंशांना वितळू लागते, आणि प्रचलित शिसेमुक्त मिश्रधातू २१७ अंशांच्या खाली वितळत नाहीत. या अंतरांचा उपयोग करून घ्यावा. बोर्डावरील एखादा लहान, सुटा सांधा निवडावा. ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला सांधा निवडू नये, कारण तो उष्णता शोषून घेतो आणि चाचणी फसते. बिट (आयर्नचे तापणारे टोक) पितळी तारेच्या घासणीत खसाखसा पुसावे, त्यावर नवे सोल्डर अजिबात लावू नये आणि सांध्यावर फ्लक्सचा एक थेंब टाकावा. आता बिटाचे तापमान १७० अंशांवर ठेवून काही सेकंद स्पर्श करावा. सांधा वितळला तर त्यात बिस्मथासारखा कमी तापमानाचा मिश्रधातू आहे. वितळला नाही तर तापमान २१० अंशांवर न्यावे. आता वितळला तर सोल्डर शिसेयुक्त आहे. तरीही घट्ट राहिला तर ते शिसेमुक्त असण्याची शक्यता फार मोठी आहे.

या चाचणीत लोक नेमके एकाच ठिकाणी चुकतात: बिटावर आधीचे शिसेयुक्त सोल्डर ठेवूनच ते सांध्याला टेकवतात. त्या सोल्डरमध्ये बोर्डावरचे शिसेमुक्त सोल्डर थोडे विरघळते, सांधा हलतो, आणि बोर्ड शिसेयुक्त असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. बिट कोरडे असल्याने उष्णता हळू पोहोचेल, म्हणूनच फ्लक्सचा थेंब आणि थोडा धीर आवश्यक आहे. तापमान वाढवून घाई केली तर चाचणीला अर्थ राहत नाही. एकाच सांध्यावर समाधान न मानता बोर्डाच्या दोन-तीन वेगवेगळ्या भागांत तपासावे. पूर्वी दुरुस्त झालेल्या बोर्डावर दोन जातींचे सोल्डर शेजारी शेजारी सापडते. ज्या सांध्याभोवती तपकिरी फ्लक्स साचलेला दिसतो तो हमखास कोणीतरी हाताळलेला असतो. शिसे ओळखणाऱ्या रासायनिक काड्याही मिळतात. शिसे असल्यास त्यांचे टोक गुलाबी-लाल होते, आणि शंका उरली असेल तर त्या वापराव्यात.

दुसरी पायरी: मिश्रधातू ठरवा

बोर्ड शिसेयुक्त असेल तर शिसेयुक्त सोल्डरच वापरावे, आणि त्यातही ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेलेच घ्यावे. हा मिश्रधातू १८३ अंशांना एका क्षणात द्रवाचा घन होतो. ६०/४० सोल्डर १८३ अंशांना वितळू लागते, परंतु पूर्ण द्रव होण्यासाठी त्याला सुमारे १९० अंश लागतात. या दोन टोकांमध्ये ते ओल्या वाळूसारखे अर्धवट घट्ट असते. अशा अवस्थेत कॉम्पोनन्टचा पाय केसभर जरी हलला, तरी आत भेग पडते आणि काही महिन्यांनी ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) म्हणून तोच बोर्ड परत येतो. कारखान्यातील यंत्र बोर्ड स्थिर धरते, दुरुस्ती करणाऱ्याचा हात स्थिर राहतोच असे नाही. दोन्हींत काहीच फरक नसतो असे सांगणाऱ्यांनी आडव्या-उभ्या कोनातून, एका हाताने तार धरून, तुटलेला कनेक्टर बसवून पाहावा.

बोर्ड शिसेमुक्त असेल तर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग शिसेमुक्त सोल्डरच वापरण्याचा. यासाठी ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असलेले सोल्डर घ्यावे, जे २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळते. चांदी नसलेले कथील-तांब्याचे सोल्डर स्वस्त पडते, परंतु ते २२७ अंशांना वितळते आणि पॅडवर तितक्या सहजपणे पसरत नाही. हाताने काम करताना हे दहा अंश प्रत्येक सांध्याला जाणवतात. बिट साधारण ३५० ते ३८० अंशांवर ठेवावे लागते, तर शिसेयुक्त सोल्डरला ३२० ते ३५० अंश पुरतात. कथलाचे प्रमाण जास्त असल्याने बिटावरील लोखंडी मुलामाही लवकर झिजतो. कमी शक्तीच्या आयर्नने शिसेमुक्त सोल्डर लावायला जाऊ नये. उष्णता पुरत नाही म्हणून माणूस बिट दाबत राहतो आणि पॅड बोर्डावरून उचलले जाते. उपकरण विकले जाणार असेल, किंवा ते शिसेमुक्तच राहिले पाहिजे अशी ग्राहकाची किंवा कायद्याची अट असेल, तर हाच एक मार्ग उरतो.

दुसरा मार्ग जुने सोल्डर विकने शोषून काढून ६३/३७ वापरण्याचा आहे. स्वतःच्या उपकरणासाठी, पाय असलेल्या कॉम्पोनन्टवर, मी हाच मार्ग सुचवतो. थोडे शिसेमुक्त सोल्डर पॅडवर उरतेच. पण सांधा पूर्णपणे वितळून दोन्ही सोल्डर नीट एकजीव झाले तर तो सांधा उत्तम टिकतो. धोका अर्धवट मिसळण्यात आहे. वरचा थर वितळला, खालचा घट्टच राहिला, तर दोहोंच्या सीमेवर कमकुवत थर तयार होतो. म्हणून बॉल ग्रिड असलेल्या (पायांऐवजी तळाशी सोल्डरच्या गोळ्या असलेल्या) आयसीखाली हे मिश्रण कधीही करू नये. तेथे प्रत्येक गोळी पूर्ण वितळली की नाही हे डोळ्यांनी पाहता येत नाही. त्या आयसी काढून, पॅड स्वच्छ करून, एकाच जातीच्या गोळ्यांनी पुन्हा बसवाव्या लागतात.

आता बिस्मथ. माझा सर्वांत ठाम इशारा येथे आहे: बिस्मथ आणि शिसे एका सांध्यात कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. बिस्मथ, शिसे आणि कथील या तिघांचा एक मिश्रधातू सुमारे ९६ अंशांना वितळतो. सांध्यात शिशाचे प्रमाण थोडेच असले तरी त्याचे सूक्ष्म कप्पे धातूच्या कणांच्या सीमांवर तयार होऊ शकतात. टेबलावर असा सांधा निर्दोष दिसतो, मल्टिमीटरवर जोडणी बरोबर दाखवते, आणि उपकरण ग्राहकाच्या हाती सुरूही होते. व्होल्टेज रेग्युलेटर, पॉवर ट्रान्झिस्टर किंवा एलईडीच्या पट्टीखालचे पॅड तासभराच्या वापरात तापते, तेव्हा तो सांधा मऊ पडतो. दोष कधी येतो, कधी जातो, आणि थंड बोर्डावर कितीही शोधले तरी सापडत नाही. दुरुस्तीतील दोषांपैकी सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष हाच आहे.

शिसे आणि बिस्मथ एकत्र येण्याच्या वाटा तीन आहेत आणि तिन्हींकडे लक्ष असावे. एक म्हणजे बिस्मथ-कथलाची सोल्डर पेस्ट. ती कमी तापमानाला वितळत असल्याने नवशिक्यांना सोपी म्हणून सुचवली जाते, आणि हॉट एअरने काम करणारे ती जुन्या शिसेयुक्त पॅडवर थेट लावतात. दुसरी वाट कॉम्पोनन्ट काढण्यासाठीच्या खास कमी-तापमान मिश्रधातूची. तो जुन्या सोल्डरमध्ये मिसळून ते बराच वेळ द्रव ठेवतो, त्यामुळे आयसी अलगद निघते, हे खरे आहे; पण अशा मिश्रधातूंत बहुधा बिस्मथ असते. आयसी निघाल्यानंतर प्रत्येक पॅडवर ताजे सोल्डर लावून विकने शोषावे, पुन्हा लावून पुन्हा शोषावे, आणि मगच नवी आयसी बसवावी. एकदा शोषून पॅड चकचकीत दिसले म्हणजे बिस्मथ गेले असे समजू नये. तिसरी वाट बिटाची. बिस्मथाचे काम केलेले बिट शिसेयुक्त कामासाठी वापरू नये. त्याच्यासाठी वेगळे बिट राखून ठेवावे आणि त्याला खूण करावी.

याचा अर्थ बिस्मथ-कथील सोल्डर वाईट आहे असा नाही. उष्णतेने वितळणाऱ्या प्लॅस्टिकचे कनेक्टर आणि पूर्णपणे शिसेमुक्त असलेले, वापरात न तापणारे बोर्ड यांच्यासाठी ते योग्य आहे. मात्र ते ठिसूळ असते, म्हणून वारंवार खेचल्या जाणाऱ्या सॉकेटला किंवा चार्जिंग पोर्टला ते लावू नये.

चांदीविषयीही एक गैरसमज आहे. २ टक्के चांदी असलेले शिसेयुक्त सोल्डर १७९ अंशांना वितळते आणि चांदीचा मुलामा असलेल्या टोकांच्या सिरॅमिक कॉम्पोनन्टसाठी ते बनवलेले आहे. साधे सोल्डर त्या मुलाम्यातील चांदी विरघळवून टाकते आणि टोक उघडे पडते. असे कॉम्पोनन्ट नसतील तर त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. चांदीमुळे आवाज अधिक स्वच्छ येतो, या दाव्याला मी काडीचीही किंमत देत नाही.

तिसरी पायरी: फ्लक्स पाहा

सोल्डर पसरत नाही, गोळी होऊन बिटालाच चिकटून राहते, अशी तक्रार आली की 'तापमान वाढवा' असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा खरी उणीव फ्लक्सची असते. फ्लक्स धातूवरील ऑक्साइडचा थर काढतो, आणि तो थर असेपर्यंत कितीही उष्णता दिली तरी सोल्डर धातूला धरत नाही. उलट जास्त तापमानाला फ्लक्स आधीच जळून जातो आणि अडचण वाढते.

दुरुस्तीसाठी राळेचा गाभा असलेली तार घ्यावी आणि गाभ्याचे प्रमाण २ ते ३ टक्के असावे. एक टक्क्याची तार स्वच्छ, नव्या बोर्डासाठी ठीक आहे. जुन्या, काळवंडलेल्या तांब्यावर ती पुरत नाही. वेष्टनावर फ्लक्सचा वर्ग रोमन अक्षरांत लिहिलेला असतो: 'आरओ' म्हणजे राळ, त्यानंतरचे 'एल', 'एम' किंवा 'एच' म्हणजे कमी, मध्यम किंवा तीव्र सक्रियता, आणि शेवटचा ० किंवा १ हॅलाइडचे प्रमाण दर्शवतो. 'आरओएल०' आणि 'आरओएल१' हे दोन वर्ग जवळजवळ सर्व कामांना पुरतात. मी जुन्या बोर्डांसाठी दुसरा पसंत करतो आणि काम झाल्यावर अल्कोहोलने बोर्ड धुतो.

पाण्यात विरघळणारा फ्लक्स दुरुस्तीत वापरू नये. तो जोरकस असतो आणि सोल्डर सुंदर पसरवतो, पण त्याचा प्रत्येक अंश धुऊन निघाला पाहिजे. रिले, व्हॉल्यूम कंट्रोल, ट्रान्सफॉर्मर आणि बहुतारी वायरीचे आवरण यांच्या आत शिरलेला फ्लक्स धुता येत नाही. 'नो-क्लीन', म्हणजे धुवावा लागत नाही असे सांगितल्या जाणाऱ्या, फ्लक्सबाबतही सावध राहावे. तो पुरेसा तापला तरच निरुपद्रवी होतो. द्रव नो-क्लीन फ्लक्स सांध्यापलीकडे वाहून न तापताच राहिला तर तो सक्रिय असतो, आणि उच्च रोधाच्या सर्किटमध्ये गळती निर्माण करतो. तेथे नाव काहीही असले तरी धुणेच बरे.

नळकामाचे आम्लयुक्त सोल्डर आणि झिंक क्लोराइड असलेली डबीतील पेस्ट इलेक्ट्रॉनिक कामाच्या टेबलावर ठेवूच नये. त्याने तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून खाल्ले जातात. डबीवर घटक लिहिलेले नसतील तर ती विकत घेऊ नये.

तारेतील फ्लक्स कितीही चांगला असला तरी दुरुस्तीत तो एकटा पुरत नाही, कारण जुने सोल्डर पुन्हा वितळवताना त्यात फ्लक्स उरलेला नसतो. त्यासाठी सिरिंजमधील जेल फ्लक्स वेगळा ठेवावा. पैसे मोजकेच असतील तर सोल्डर मध्यम प्रतीचे आणि फ्लक्स उत्तम घ्यावा. उलट करू नये.

चौथी पायरी: जाडी

सरफेस माउंट कामासाठी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसवलेल्या बारीक कॉम्पोनन्टसाठी) ०.३ ते ०.५ मिलिमीटर, सर्वसाधारण कामासाठी ०.६ ते ०.८ मिलिमीटर, आणि जाड वायरी किंवा मोठ्या टर्मिनलसाठी १ मिलिमीटर किंवा त्याहून जाड तार घ्यावी. १.२ मिलिमीटरची तार ०.६ मिलिमीटरच्या तारेपेक्षा त्याच लांबीत चौपट धातू देते, त्यामुळे जाड तारेने बारीक पायांवर काम करताना पूल पडणे, म्हणजे शेजारचे पाय सोल्डरने एकमेकांना जोडले जाणे, अटळ असते. एकच रीळ घ्यायचे असेल तर ०.६ मिलिमीटरचे घ्यावे.

पाचवी पायरी: नवे रीळ तपासा

वेष्टनावर ६३/३७ छापलेले असणे आणि आत ते असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कथील शिशापेक्षा कितीतरी महाग असल्याने हलक्या रिळांत त्याचे प्रमाण कमी केलेले असते. बिट स्वच्छ पुसून २०० अंशांवर ठेवावे आणि तारेचे टोक त्याला टेकवावे. खरे ६३/३७ लगेच वितळून पाण्यासारखे वाहते. ५०/५० मिश्रधातू पूर्ण वितळायला २१० अंशांच्या वर, तर ४०/६० ला सुमारे २३८ अंश लागतात, म्हणून २०० अंशांना ते लगद्यासारखे राहतात. त्याच वेळी धूर आणि उरलेला थर पाहावा. थोडा पांढरा धूर येऊन मागे पारदर्शक, फिकट पिवळसर थर उरला पाहिजे. धूर आलाच नाही तर तारेत फ्लक्स नाही किंवा गाभा मध्येच तुटलेला आहे; एक फूट तार सोडून पुन्हा पाहावे. शेवटी, सँडपेपरने न घासलेल्या तांब्याच्या जुन्या वायरीवर थोडे सोल्डर लावावे. ते कडेला पातळ होत पसरले तर रीळ ठेवावे, कडेला गोलाई धरून बसले तर परत करावे.

सहावी पायरी: साठवण आणि हाताळणी

तार कोरड्या जागी बंद डबीत ठेवावी. सोल्डर पेस्ट शीतकपाटात ठेवून तिच्यावरील मुदतीच्या आत वापरावी. शिसेयुक्त आणि शिसेमुक्त रिळांवर ठळक चिठ्ठ्या चिकटवाव्यात, कारण वेष्टन फेकल्यावर दोन्ही तारा सारख्याच दिसतात. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ लक्षणीय प्रमाणात होत नाही. शिसे शरीरात जाते ते हातांवरून तोंडात. म्हणून तार दातांत धरू नये, टेबलावर खाऊ-पिऊ नये आणि उठल्याबरोबर साबणाने हात धुवावेत. धूर फ्लक्सचा असतो आणि राळेच्या धुराने दमा जडू शकतो, त्यामुळे शिसेमुक्त सोल्डर वापरतानाही धूर बाहेर खेचणारा पंखा चेहऱ्याच्या नव्हे, सांध्याच्या जवळ लावावा.